इंजिन धुतलं त्या दसऱ्याची गोष्ट

गाडीचं इंजिन घरच्या अंगणात रॉकेलनं आणि दात घासायच्या ब्रशनं धुता येतं, हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मीच शिकले, आणि ते सांगताना मी थोडी फुशारकी मारणार आहे. साठी ओलांडलेल्या बाईनं मारली थोडी फुशारकी, तर कुणाचं काय बिघडतं? आता सणसवाडीच्या हमरस्त्याला एका ओळीत चार दुकानं आहेत, इंजिन चकाचक करून देणारी. आत फेस मारायची यंत्रं, वारा मारायच्या नळ्या, काळे टी-शर्ट घातलेली पोरं. माझा भाचा तिथं गाडी देऊन येतो आणि मला फोटो दाखवतो. मी बघते आणि म्हणते, बाबा, बॅटरीच्या खालच्या पत्र्यावरची घाण तशीच आहे. मग तो फोटो मोठा करून बघतो, आणि ती तशीच असते.

आमचं घर कवठे येमाईच्या शिवारात, मळ्यात. कांदा, मेथी, कोथिंबीर, आणि दसरा-दिवाळीच्या बेतानं लावलेला झेंडू. घरात वडील म्हणजे आप्पा, आई, थोरली अक्का आणि मी. भाऊ नव्हता आणि त्याबद्दल गावातल्या बायका आईला जेवढी हळहळ बोलून दाखवायच्या, तेवढी आईला स्वतःला वाटताना मी कधी पाहिली नाही. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला म्हणाल तर विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा. सकाळी चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज आत आणि ह्या इंजिनाची टकटक बाहेर, दोन्ही एकाच वेळी सुरू व्हायचं. हँडल मारून ते इंजिन चालू करायला मी बारा-तेरा वर्षांची असताना शिकले. अक्काला त्या हँडलाची भीती वाटायची आणि मला अक्काच्या विणकामाच्या सुयांची. आई म्हणायची, देवानं दोघींची वाटणी बरोबर केली.

अक्काचं लग्न दौंडला झालं आणि त्याच साली आप्पांनी गाडी घेतली. पुण्याच्या एका डॉक्टरांनी काढून टाकलेली, चौकोनी तोंडाची, पिस्ता रंगाची पेट्रोल गाडी. गावात तोवर एक जीप होती, ती आमच्या चुलत्यांची, आणि चुलत्यांशी बांधावरून आमचं बोलणं बंद होतं. त्यामुळं आप्पा गाडी घेऊन पहिल्यांदा वेशीतून आले तेव्हा त्यांनी गरज नसताना हॉर्न वाजवला होता. आई गाडीत बसताना चप्पल काढून हातात घ्यायची. डॉक्टरांच्या गाडीत चिखल कसा न्यायचा, असं म्हणायची. गाडी आपली झाली आहे हे तिच्या गळी उतरायला सहा महिने गेले.

गौरी-गणपतीच्या दिवसांत आम्ही तिघं त्या गाडीतून अक्काला बघायला दौंडला गेलो. तिला दिवस गेले होते, सहावा सरत आला होता. आईनं डब्यात शेंगोळी घेतली होती, कारण अक्कानं हुलग्याच्या शेंगोळीसाठी पत्रात दोनदा लिहिलं होतं. गाडी त्यांच्या दारात उभी राहिली आणि बॉनेटच्या फटीतून धूर निघायला लागला. निळा, जळक्या तेलाच्या वासाचा, दाट धूर. शेजारपाजारची माणसं बाहेर आली. कुणीतरी पाण्याची बादली घेऊन धावलं, आप्पांनी त्याला कसंबसं अडवलं. धूर थोड्या वेळानं आपोआप थांबला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

अक्काच्या सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, हे मी आधी सांगून टाकते. त्यांचे दोन नातू पोटातच गेले होते, थोरल्या सुनेचे. त्यांच्या जिभेला धार होती ती त्या भीतीची, पण हे कळायला माझं वय जावं लागलं. त्यांनी आम्हांला पाणी दिलं, चहा दिला, आईच्या डब्याचं कौतुक केलं आणि मग सरळ आप्पांकडं बघून म्हणाल्या, "पाव्हणं, राग मानू नका. पण ह्या गाडीत माझ्या सुनेला मी बसवायची न्हाई. एस्टीतबी न्हाई. बाळंतपणाला न्यायची तर चांगली गाडी आणा, न्हाईतर बाळंतपण हितंच होऊ द्या."

आप्पा खाली मान घालून बशीतला चहा पीत राहिले. आमच्याकडं पहिलटकरणीला सातव्यात माहेरी आणायचं आणि आठवा लागला की हलवायचं नाही. दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात तिला आठवा लागणार होता. म्हणजे दसऱ्याला आणली तर आणली, नाहीतर राहिलं. निघताना अक्कानं मला आतल्या खोलीत ओढलं. ती रडली नाही, ती रडायची नाहीच. फक्त माझं मनगट गच्च धरून म्हणाली, "मला आईपाशी यायचंय गं. कायबी करा, पण मला न्या." तिच्या बोटांचे वळ शिरूरपर्यंत माझ्या मनगटावर होते.

आप्पांनी गाडी शिरूरच्या मिस्त्रीकडं नेली, मी सोबत होते. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि लगेच लावलं. इंजिन तेल टाकतंय, उतरवावं लागेल, दिवाळीनंतर या, असं म्हणाला. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, की जीप मागावी लागणार. जो भाऊ भर चावडीत बांधावरून त्यांना नको ते बोलला होता, त्याच्या दारात टोपी हातात घेऊन उभं राहायचं. अक्कासाठी ते राहिले असते, पण त्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

मला एकच गोष्ट खुपत होती. मिस्त्रीला कळलं कसं? बॉनेटच्या आत सगळं एकरंगी काळं होतं. डॉक्टरांच्या काळापासूनचं तेल, त्यावर पुण्याची धूळ, त्यावर आमच्या मळ्याची माती, सगळ्याचा बोटभर जाड थर. त्यात नट कुठला आणि नळी कुठली हे दिसत नव्हतं, तर तेल कुठून येतंय हे त्याला दिसलं कसं? मी आप्पांना म्हटलं, मी धुते. आप्पा म्हणाले, धू, निदान वास तरी जाईल. त्यांनी हे अशा आवाजात म्हटलं की मला राग आला, आणि रागात मी काम फार चांगलं करते.

तीन दिवस लागले. इंजिन पूर्ण गार, बॅटरीची वायर काढलेली. कार्बोरेटरवर, डेल्कोवर आणि जिथं जिथं वायरी शिरत होत्या तिथं मी खताच्या पिशवीचे तुकडे झेंडूच्या माळा ओवायच्या दोऱ्यानं घट्ट बांधले. डेल्को म्हणजे वरून गोल टोपण असलेली ती डबी, तिथून चारी प्लगांना ठिणगी जाते. मग रॉकेल. रेशनचं रॉकेल, स्टोव्हसाठी ठेवलेलं. आई डब्याकडं बघायची, माझ्याकडं बघायची आणि चुलीत लाकूड सारायची. वरून खाली जायचं, थोडी थोडी जागा घ्यायची, रॉकेल लावून थर भिजू द्यायचा, मग खरवडायचा. मोठ्या जागेला नारळाचा काथ्या, बारीक जागेला दातांचे जुने ब्रश, आणि जिथं ब्रशही जात नाही तिथं कडुलिंबाच्या काडीला आप्पांच्या धोतराची चिंधी गुंडाळून. नंतर सोड्याचं कोमट पाणी, तेही तांब्यानं, बेताबेतानं. आप्पा म्हणाले, फवारणीचा पंप आणू का, एका झटक्यात साफ होईल. मी म्हटलं, पंपाच्या जोरानं पाणी जायचं नाही तिथं जाईल. हे तेव्हा मला कुठून सुचलं देव जाणे, पण आजही दुकानातली पोरं ही चूक करतात. रॉकेल मात्र तुम्ही वापरू नका. आता चांगले साबण मिळतात, आणि माझ्या हातांचा वास आठवडाभर भाकरीलासुद्धा येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काळ्या थराखालून पितळेचा एक नट निघाला, पिवळाधमक. मी आईला हाक मारून दाखवला. आई पीठ लागलेले हात तसेच घेऊन आली, वाकून बघितला आणि म्हणाली, "अगं, ह्यो तर सोन्यावानी हाय." मग ती रोज संध्याकाळी येऊन आज काय निघालं ते विचारायची. तिसऱ्या दिवशी मी थांबले तेव्हा इंजिन रंगानं राखाडी होतं, झाकण निळं होतं, आणि ह्या दोन्ही गोष्टी गाडी घेतल्यापासून आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हत्या.

आता गळती शोधायची होती. घागर गळायला लागली की आई ती कोरडी करायची, बाहेरून चाळलेली राख फासायची आणि आत पाणी भरायची. जिथं राख काळी पडेल तिथं भोक. मी तेच केलं. चुलीतली राख चाळून कोरड्या इंजिनाच्या बाजूला हलक्या हातानं लावली, पिशव्या सोडल्या, बॅटरीची वायर जोडली आणि आप्पांना गाडी चालू करायला सांगितलं. आप्पा स्टिअरिंगवर, मी बॉनेटमध्ये वाकलेली. थोडा वेळ काहीच नाही. मग निळ्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्याखाली राखेत एक काळी रेघ उतरायला लागली, सरळ खालच्या धुराच्या नळीवर. नळी तापली आणि धूर. तोच निळा धूर, त्याच वासाचा. मी ओरडले नाही. मी आप्पांना उतरायला सांगितलं आणि नुसतं बोट दाखवलं. वरच्या झाकणाखालचं, तेल अडवणारं बुचाचं पॅकिंग वाळून तडकलं होतं, बाकी इंजिनाला काही झालेलं नव्हतं. आप्पांनी वाकून त्या रेघेला बोट लावलं, वास घेतला. मग सायकल काढून एस्टी गाठायला गेले आणि संध्याकाळी शिरूरहून नवीन पॅकिंग घेऊन आले. ते मीच बसवलं. नट दोन्ही टोकांनी थोडे थोडे आवळत, विहिरीवरच्या इंजिनाचे आवळायचे तसे.

खंडेनवमीला आमच्याकडं कोयते, विळे, फवारणीचा पंप, विहिरीवरचं इंजिन, सगळ्यांची पूजा असते. त्या दिवशी आप्पा रात्रभर जागून झेंडू पुण्याच्या मार्केटात घालून आले होते, अंगणात उरलेल्या फुलांचा ढीग आणि माळांचा दोरा पसरलेला होता. आई म्हणाली, ज्यानं हत्यार वापरलं त्यानं पुजायचं, गाडी तू पूज. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. मी बॉनेट उघडलं, झाकणावर हळदी-कुंकवाची पाच बोटं ओढली, माळ घातली. आई कापूर घेऊन आली, तो मी लांब ठेवायला लावला, रॉकेलचा वास अजून होता. एवढी अक्कल होती मला. नारळाची नव्हती. नारळ फोडला आणि देवाच्या डोक्यावर घालावं तसं त्याचं सगळं पाणी मी भक्तिभावानं इंजिनावर ओतलं. बरोबर डेल्कोवर. तीन दिवस ज्या डबीला मी पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता, तिला मी स्वतःच्या हातानं आंघोळ घातली. आणि वर हात जोडले.

दसऱ्याला सकाळी आई नवीन लुगडं नेसून, ओटीचं सामान घेऊन तयार. आप्पांनी चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं, चालू झालं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या वेळेला तर घुरघुरही बारीक झाली. मी बॉनेट उघडून डेल्कोला बोट लावलं, ते चिकट लागलं. आप्पा खाली उतरले, दार हळू लावलं, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. कुठं निघाले ते न सांगताही आम्हांला कळलं. मी फाटकापर्यंत गेले आणि त्यांच्यापुढं उभी राहिले.

"आप्पा, अर्धा तास थांबा. माझ्याच हातनं झालंय, मलाच निस्तरू द्या."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण ते मागं फिरले, ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "कर."

डेल्कोचं टोपण काढायचं तर पाचही वायरी उपसायला हव्या होत्या. मधली एक कळत होती, पण भोवतीच्या चारांत गडबड झाली की संपलं, गाडी जागची हलली नसती. अंगणात झेंडूचा दोरा पडलेलाच होता. पहिल्या वायरीला मी एक गाठ बांधली, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार, आणि टोपणावर त्याच जागी कुंकवाचे तेवढेच ठिपके दिले. टोपणाच्या प्रत्येक भोकात नारळाचं पाणी होतं, चिकट. आतली बाजूही ओली. मी ते पुसलं, चिंधीच्या वातीनं भोकं कोरडी केली, मग आईच्या चुलीच्या बाजूच्या मंद वैलाजवळ हातात धरून शेकलं, हाताला सोसेल एवढंच. पुरणाचं पातेलं बाजूला सारून आई माझ्यासाठी जागा करून देत होती आणि तोंडानं एकसारखं देवीचं नाव घेत होती. परत लावताना मी मोठ्यानं मोजत होते. एक गाठ, एक ठिपका. दोन गाठी, दोन ठिपके.

आप्पांनी चावी फिरवली. बॅटरी दमली होती, म्हणून आई, मी आणि वाटेनं चाललेले दोघं गडी, आम्ही ढकलायला लागलो. मळ्याच्या उतारावर गाडीनं एक झटका दिला, खोकली, आणि चालू झाली. आई नव्या लुगड्यात मातीत बसली होती, हसत होती. मला रडू आलं आणि मी ते कुणाला दिसू दिलं नाही. आता लिहिते आहे, म्हणजे आता सगळ्यांना कळेल.

न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून दौंडला पोचेपर्यंत आम्ही तिघं फक्त वास घेत होतो. जळक्या तेलाचा वास येतोय का, एवढंच. आला नाही. दारात गाडी उभी राहिली तेव्हा अक्काच्या सासूबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या, हात कमरेवर. अक्काचे सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले, उभं आयुष्य इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. ते फार बोलत नसत. त्यांनी आम्हांला बसा म्हणायच्या आधी बॉनेट उघडायला सांगितलं. गाडी लांबून पळत आली होती, आतून नुसती गरम झळ अंगावर आली. त्यांनी नाक पुढं करून हुंगलं. खिशातला पांढरा रुमाल काढला, बोटाभोवती गुंडाळला आणि निळ्या झाकणाच्या मागच्या कडेनं फिरवला, नेमकं नवीन पॅकिंग होतं तिथून. रुमाल बघितला. मग खाली वाकून, जिथं कुणी कधी बघत नाही, त्या बॅटरीच्या खालच्या पत्र्यावरून फिरवला. रुमालावर कुंकवाचा लालसर डाग आला, तेवढाच.

त्यांनी विचारलं, कुठल्या मिस्त्रीनं केलं हे काम? शिरूरचा की पुण्याचा?

आप्पांनी उभ्या जन्मात माझ्या तोंडावर माझं कौतुक केलं नव्हतं. त्या दिवशीही ते माझ्याकडं बघत नव्हते, इंजिनाकडं बघत होते. म्हणाले, "मिस्त्री घरचाच हाय. ही माझी धाकटी."

सासऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग नारळाची चूकसुद्धा मी त्यांना सांगितली, गाठींचंही सांगितलं. ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले की शेडमध्ये त्यांनी चाळीस वर्षांत बरेच गडी बघितले, पण कुणी वायरी सोडायच्या आधी खूण करत नसे, सोडल्यावर डोकं धरत असे. पुढं पाबळला यंत्रकाम शिकायला जायचं ठरलं तेव्हा ह्याच माणसानं आप्पांना तीन पानी पत्र लिहिलं, आणि सणसवाडीच्या कारखान्यात दुरुस्तीचं खातं मी सांभाळत होते तेव्हाही ते एकदा मुद्दाम बघायला आले होते. पण ते नंतरचं. त्या दिवशी त्यांनी बॉनेट लावलं आणि बायकोला म्हणाले, "बसव तिला."

अक्का बाहेर आली. पोट पुढं, हातात पिशवी, आणि चेहरा असा की मला तिच्याकडं फार वेळ बघवेना. ती मागं बसली, तिच्या शेजारी आई. तेवढ्यात सासूबाई आत गेल्या, शाल घेऊन आल्या आणि कुणाला न विचारता आईच्या पलीकडं शिरून बसल्या. दोन दिवस सुनेपाशी राहून येते म्हणाल्या. ज्या गाडीत सुनेला बसवायची नाही म्हणाल्या होत्या, त्या गाडीत! आप्पांची त्रेधा उडाली. विहिणीला असं मागं दाटीवाटीनं कसं बसवायचं? ते दार उघडून विनवायला लागले, पुढं या, पुढची जागा तुमच्या मानाची.

सासूबाईंनी शाल नीट केली आणि म्हणाल्या, "मला नगं. पुढं पोरीला बसवा. गाडीला काय झालं तर तिलाच उतरायचंय."

मी पुढं बसले. भीमेच्या पुलापर्यंत मागं तिघी बायका बाळाच्या नावावरून वाद घालत होत्या, आणि आप्पांनी मध्येच, रस्त्यावरची नजर न काढता, मला विचारलं की गाडी नीट बोलतीय ना. मी थोडा वेळ ऐकलं आणि म्हटलं, व्हय, नीट बोलतीय.